चार पायऱ्यांचा हिशेब

(१९८५ च्या दहावीच्या तुकडीच्या चाळीस वर्षांनंतरच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. समितीच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिलं आहे.)



समितीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि 'गेल्या चाळीस वर्षांत मी काय केलं' हे सांगायला सांगितलं आहे. मुलंबाळं, बदल्या, घर बांधलं की फ्लॅट घेतला, ही सगळी चौकशी जेवणाच्या पंगतीत होईलच. म्हणून मी फक्त माझ्या कामाबद्दल बोलते. त्यात शेवटी तुमच्याकडे एक मागणीही आहे. ती आधीच सांगून ठेवते, म्हणजे कोणी जिलेबीच्या वासाने मधेच उठणार नाही.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. गेली बारा वर्षं मी इमारती आणि रस्ते तपासते. इमारत पडेल का, हे बघणारे इंजिनिअर वेगळे. माणसं त्या इमारतीत शिरू शकतील का, हे मी बघते. माझ्याकडे मोजपट्टी असते, लेव्हल असते आणि माझी व्हीलचेअर असते. यातलं सगळ्यात अचूक हत्यार म्हणजे व्हीलचेअर. नकाशात दरवाजा कितीही रुंद दाखवला असला, तरी खुर्ची अडकली की अडकली. तिथे वाद चालत नाही.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असं आपल्याकडे म्हणतात. त्या हिशेबाने माझ्याइतकं शहाणं कोणी नाही. मी कोर्टाची, बँकेची, पोस्टाची, देवळाची, कुठलीच पायरी चढत नाही.

तुम्हाला आठवत असेन ती मी कुबड्यांवरची. उजव्या पायात लोखंडी कॅलिपर, चालताना खडखड आवाज. मी दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. तेव्हा घरोघर, गावोगाव डोस पोचलेले नव्हते. पुढे देशाने ते काम केलं. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. माझ्यासारखी मुलगी आता आपल्या शाळेत यायची नाही, या गोष्टीचा मला फार आनंद आहे. पण अपंगत्व काही पोलिओबरोबर संपलं नाही. अपघात आहेत, सेरेब्रल पाल्सी आहे, मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, साखरेने गेलेले पाय आणि डोळे आहेत. आणि सगळ्यांना गाठणारं म्हातारपण आहे.

दादा मला सायकलच्या कॅरियरवर बसवून शाळेच्या फाटकापर्यंत आणायचा. तिथून पुढे तुम्ही होतात. व्हरांड्याच्या चार पायऱ्यांवर दोघी जणी दोन बाजूंनी धरायच्या, तिसरी दप्तर घ्यायची. नववीचा वर्ग वरच्या मजल्यावर गेला तेव्हा मागच्या बाकावरची मंडळी मला हातांची खुर्ची करून वर न्यायची. ज्यांना वर्गात कधी प्रश्नाचं उत्तर आलं नाही, त्यांना माझा तास कधी चुकू द्यायचा नाही हे मात्र बरोबर कळत होतं. दहावीला मुख्याध्यापक सरांनी आमची तुकडीच खाली आणली आणि खालची सातवी वर पाठवली. कुठला जी.आर. नव्हता, अर्ज नव्हता. शिपायाला बोलावलं आणि म्हणाले, बाकं हलव. आज सर नाहीत. पण माझ्या कामाचा पहिला धडा त्यांच्याच त्या एका वाक्यात होता.

हे ऋण मोठं आहे आणि मी ते विसरलेले नाही. म्हणूनच पुढचं बोलताना गैरसमज होऊ देऊ नका.

शाळा संपली. मी शहरात इंजिनिअरिंगला गेले. तुम्ही कोणी माझ्याबरोबर तिथे नव्हता. जिने मात्र होते. ड्रॉइंग हॉल दुसऱ्या मजल्यावर, वर्कशॉप मागे खडीच्या रस्त्यापलीकडे. पहिल्या वर्षी रोज सकाळी मी जिन्याखाली उभी राहून कोणी ओळखीचं येतंय का ते बघायची. कधी कोणी यायचं, कधी नाही. अनोळखी माणसाने धरलेला हात आणि मैत्रिणीने धरलेला हात यांतला फरक मला तिथे समजला. प्रेमाने उचलून नेणारे लोक सगळीकडे नसतात. आणि असले तरी मोठ्या माणसाला रोज उचलून घेणं नको असतं. उशिरा पोचायचं की लवकर, आज जायचं की नाही, कोणाला भेटायचं, हे आपलं आपण ठरवता येणं, यालाच मोठं होणं म्हणतात ना? जिन्याखाली उभ्या असलेल्या माणसाला हे ठरवता येत नाही.

तेव्हापासून मी स्वतःला एक प्रश्न विचारत आले. अडचण माझ्या पायात आहे की जिन्यात? पायाचं जे व्हायचं ते झालं, त्यावर डॉक्टरांचाही इलाज नव्हता. जिना मात्र माणसाने बांधलेला आहे. कोणीतरी नकाशा काढला, कोणीतरी सही केली, कोणीतरी सिमेंट ओतलं. जे माणसाने बांधलं ते माणसाला वेगळं बांधता येतं.

आता थोडं गणित. गणिताच्या सरांसमोर बोलतेय, चुकले तर थांबवा. खुर्चीवरच्या माणसाला स्वतःच्या हाताने चढता येईल असा उतार एकास बारा या प्रमाणात लागतो. म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. आपल्या शाळेचा व्हरांडा चार पायऱ्या वर आहे. प्रत्येक पायरी सहा इंचांची, म्हणजे एकूण दोन फूट. त्याला चोवीस फूट लांबीचा उतार हवा. मधे वळायला आणि दम खायला सपाट जागा हवी. दोन्ही बाजूंना धरायला कठडा हवा, कडेला चाक घसरू नये म्हणून छोटा उंचवटा हवा, आणि पावसात निसरडी होणार नाही अशी फरशी हवी. इतकं साधं आहे हे. पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी काय होतं? दीड फुटाच्या उंचीला पाच फुटांचा उतार ओततात आणि कागदावर टिक करतात, 'रॅम्प आहे'. तो स्कूटर चढवायला बरा पडतो. खुर्ची त्यावर चढत नाही, आणि उतरताना तर माणूस थेट रस्त्यावर जाऊन पडेल.

एका बँकेच्या शाखेत मी तपासणीला गेले होते. उतार अगदी मापात होता. मन प्रसन्न झालं. त्याच्या तोंडाशी साखळी लावून कुलूप घातलं होतं. किल्ली कोणाकडे? वॉचमनकडे. वॉचमन कुठे? चहाला. चहाहून आल्यावर त्याने कुलूप काढलं, मी वर गेले, तर काचेच्या दारापाशी चार इंचांचा उंबरठा. एवढा पैसा घालून शेवटच्या चार इंचांनी सगळं वाया गेलं. आमच्या कामात ही गोष्ट फार महत्त्वाची. वाट साखळीसारखी असते. घराच्या दारापासून फूटपाथ, फूटपाथपासून बस, बसपासून ऑफिस, ऑफिसात स्वच्छतागृह. एक कडी तुटली की बाकीच्या सगळ्या असून नसल्यासारख्या.

फूटपाथचंच बघा. इंडियन रोड्स काँग्रेसने पादचाऱ्यांच्या सोयीसाठी २०१२ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत फूटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर हवी असं म्हटलं आहे. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर नव्याने केलेल्या रुंद फूटपाथवर मी खुर्ची घेऊन मनसोक्त फिरले आहे. म्हणजे जमतं. पण शहरातल्या बाकीच्या बऱ्याच रस्त्यांवर फूटपाथ फुटभर उंच असतो, दर बंगल्याच्या फाटकापाशी तुटलेला, वर डीपीचा खोका, टपरी, उखडलेले पेव्हर ब्लॉक. मग खुर्ची रस्त्यावर, पीएमटीच्या समोर. मोटरसायकली फूटपाथवर चढू नयेत म्हणून खांब रोवतात, तेही इतके जवळजवळ की खुर्ची शिरत नाही. मुंबईत या खांबांची तक्रार इतकी गाजली की २०२३ साली उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली.

अंध माणसांसाठी पिवळ्या फरश्या बसवतात, त्या तुम्ही रेल्वे स्टेशनवर, मेट्रोत पाहिल्या असतील. त्यांची गोष्ट छान आहे. जपानमध्ये सेइची मियाके नावाच्या माणसाने १९६५ साली त्या शोधून काढल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसवल्या. त्या फरशीला भाषा आहे. लांब उभे पट्टे म्हणजे 'सरळ चला', गोल ठिपके म्हणजे 'थांबा, पुढे काहीतरी आहे'. आपल्याकडे मी अशा फरश्या शोभेसाठी बसवलेल्या पाहिल्या आहेत. पट्टे आणि ठिपके मिसळून रांगोळी काढलेली. एका ठिकाणी तर ती पिवळी वाट सरळ विजेच्या खांबावर जाऊन थांबत होती. अंध माणसाला हे 'चला चला' सांगत खांबावर नेऊन आपटण्यासारखं आहे. बसवणाऱ्या गवंड्याचा दोष नाही. ही अक्षरं आहेत, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि सगळं काही उतार आणि फरशीतच नसतं. ऐकू न येणाऱ्या माणसाला स्टेशनवरची घोषणा पाटीवर लिहून आलेली हवी. कमी दिसणाऱ्याला पायरीच्या कडेला ठळक रंगाचा पट्टा हवा. लिफ्टने मजला बोलून सांगावा. गोंधळून जाणाऱ्या मुलाला चित्रांची खूण हवी. यातल्या बऱ्याच गोष्टींना पैशापेक्षा लक्षच जास्त लागतं.

कायदा नाही का? आहे, चांगला आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत. नव्या इमारतीत सुगम्यतेचे नियम पाळले नसतील तर तिला पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. लोकांसाठी असलेल्या जुन्या इमारतींना नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे ती मुदत २०२२ सालीच संपली. शाळांसाठी वेगळं कलम आहे. इमारत आणि आवार सर्व मुलांना वापरता आलं पाहिजे. आपल्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांनी पाच टक्के निधी अपंगांसाठी राखायचा असतो. राजीव रातुरी या अंध गृहस्थांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिच्यावर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल देताना न्यायालयाने म्हटलं की सुगम्यतेची मानकं नुसती शिफारस म्हणून ठेवून चालणार नाहीत, किमान काही तरी सक्तीची हवीत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे खरं, पण या गृहस्थांनी ती चढली म्हणून आम्हाला बोलायला जागा झाली. सरकारी कागदावर आम्ही आता 'दिव्यांग' आहोत. शब्दाला माझी हरकत नाही. शब्द बदलला तसा उंबरठाही बदलावा, एवढंच म्हणणं.

मनात आणलं तर किती लवकर होतं, याचं एक उदाहरण. जानेवारी २००१ मध्ये शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीला आले होते. त्यांना तिथल्या जुन्या वास्तू बघायच्या होत्या. शेकडो वर्षं जिथे खुर्ची जाऊ शकत नव्हती, तिथे त्यांच्यासाठी तात्पुरते लाकडी उतार बसले. पाहुणा मोठा होता. प्रश्न हा की आपल्या गल्लीतल्या माणसासाठी ते का बसू नयेत?

आता कोणी म्हणेल, हे थोड्या लोकांसाठी आहे. २०११ च्या जनगणनेत देशात दोन कोटी अडुसष्ट लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. त्यांतले शहरांत राहणारे एक्क्याऐंशी लाखांच्या वर. आणि या आकड्यात तुम्ही नाही. आज पंचावन्न-छप्पन वर्षांचे आपण. सकाळपासून मी बघतेय, खुर्चीतून उठताना किती जण गुडघ्यावर हात ठेवून 'आई गं' म्हणाले. मोजायचंच सोडून दिलं. अमेरिकेत बर्कलेला एड रॉबर्ट्स नावाचा, माझ्यासारखाच पोलिओ झालेला माणूस होता. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी १९७० च्या सुमारास फूटपाथच्या कडा उतरत्या करून घेण्यासाठी आग्रह धरला. झाल्यावर त्या वापरल्या कोणी? बाबागाडी ढकलणाऱ्या आयांनी, सामानाच्या ढकलगाड्या नेणाऱ्यांनी, चाकाची बॅग ओढणाऱ्यांनी. पायरीने कोणाचंच भलं होत नाही. उताराने सगळ्यांचं होतं.

याचा पुरावा आजचाच घ्या. हा कार्यक्रम आधी वरच्या सभागृहात होणार होता. समितीतल्या एका मित्राचा फोन आला, ''काळजी करू नकोस, आम्ही तुला उचलून नेऊ.'' मी म्हटलं, ''अरे, तुझ्या स्लिप डिस्कचं तूच मागच्या महिन्यात सांगत होतास.'' मग समितीने पटांगणात मांडव घालायचं ठरवलं. मराठीच्या बाई आत्ता मला म्हणाल्या, ''वर असतं तर मी आलेच नसते गं, नात म्हणाली असती घरीच बस.'' मांडव माझ्यासाठी घातला, असं तुम्हाला वाटत होतं. पहिल्या रांगेत बघा, किती जणांसाठी घातला ते.

एक गोष्ट बोलायला अवघड आहे, पण इथे सगळी आपलीच माणसं आहेत. आपल्या शाळेत सहा वर्षं मी सकाळी घरून निघताना पाणी पीत नव्हते. शाळेतही पीत नव्हते. स्वच्छतागृह मागे, दोन पायऱ्या खाली, ओल्या फरशीवर, धरायला काही नाही. दिवसभर तहान दाबून बसायची. उन्हाळ्यात डोकं दुखायचं. कॉलेजात तेच केलं आणि पहिल्या नोकरीतही तेच केलं. मूत्रपिंडाचा त्रास मागे लागला तेव्हा डॉक्टरांनी कारण विचारलं, त्यांना हे सांगायलाही लाज वाटली. माझ्या ओळखीच्या कितीतरी अपंग बायका हेच करतात. बाहेर काम आहे म्हणजे पाणी प्यायचं नाही. शहर आपल्याला सामावून घेतं की नाही, हे मी आता याच मापाने मोजते. तिथे एखादी बाई निर्धास्तपणे ग्लासभर पाणी पिऊ शकते का?

हे आज सांगण्याचं कारण आहे. मुख्याध्यापिका बाईंशी फोनवर बोलताना मला कळलं की पाचवीत एक मुलगी आहे, तिला चालता येत नाही. रोज मधल्या सुट्टीत तिची आई कामावरून येते, तिला उचलून स्वच्छतागृहात नेते, आणि परत कामावर जाते. ज्या दिवशी आईला सुट्टी काढता येत नाही, त्या दिवशी मुलगी शाळेत येत नाही. पुढच्या वर्षी तिचा वर्ग वर जाईल.

म्हणून आता मागणी. आपल्या तुकडीने शाळेला भेट म्हणून फाटकावर कमान बांधायचं ठरवलं आहे. पैसे जमले आहेत. संगमरवरी पाटीवर आपली नावं येणार आहेत. कमानीला माझा विरोध नाही, कमान छान दिसेल. पण त्या कमानीखालून आत आल्यावर चार पायऱ्या आहेत. माझं म्हणणं आहे की आधी त्या पायऱ्यांचं बघू.

काल संध्याकाळी मी आणि बाईंनी मोजमाप घेतलं. व्हरांड्याच्या पूर्वेच्या टोकाला, कडुनिंबाला धक्का न लावता, अठरा फूट बाय नऊ फूट जागा निघते. बारा-बारा फुटांचे दोन उतार, मधे वळायला सपाट चौथरा, असा मापातला चोवीस फुटांचा रॅम्प तिथे बसतो. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जुनी पाण्याची खोली रिकामी पडली आहे. तिथे खुर्ची वळू शकेल असं, म्हणजे आत दीड मीटरचं वर्तुळ मोकळं राहील असं, बाहेर उघडणाऱ्या दाराचं स्वच्छतागृह होतं. पाण्याची लाइन तिथे आधीचीच आहे. वाचनालय वर आहे ते खाली आणता येतं, कारण खालची भांडाराची खोली तशी निम्मी रिकामीच आहे. लिफ्टची गोष्ट मी आज करत नाही. त्याऐवजी शाळा समितीने एक ठराव लिहून ठेवावा, की ज्या वर्गात जिना न चढू शकणारं मूल असेल तो वर्ग तळमजल्यावर भरेल. आमच्या सरांनी जे मनाच्या मोठेपणाने केलं, ते पुढच्या मुख्याध्यापकांना नियम म्हणून करता यावं. चांगुलपणा माणसाबरोबर निवृत्त होतो, ठराव दप्तरी राहतो.

हे सगळं जमलेल्या रकमेत बसतं. अंदाजपत्रक मी समितीकडे दिलं आहे. नकाशे मी करून देईन, त्याची फी घेणार नाही, आणि काम चालू असताना दोनदा येऊन उतार मोजून जाईन. ठेकेदाराला आधीच सांगून ठेवा, बाई एकास अकरासुद्धा चालवून घेणार नाहीत.

तुमच्यापैकी बरेच जण सोसायट्यांचे अध्यक्ष-सचिव आहात, दोघे जण नगरपालिकेत आहात, एक जण बिल्डर आहे, तिघे डॉक्टर आहात आणि त्यांपैकी दोघांचे दवाखाने पहिल्या मजल्यावर आहेत. घरी गेल्यावर एवढंच करा. आपल्या दारापासून रस्त्यापर्यंत किती पायऱ्या आहेत त्या मोजा. आपल्या बाथरूमच्या दाराची रुंदी मोजा. सोसायटीची लिफ्ट तळमजल्याला थांबते की पाच पायऱ्या वर, ते बघा. मापं मला पाठवा. पुढचं काय करायचं ते मी सांगेन.

कमानीऐवजी आधी रॅम्प आणि स्वच्छतागृह, हा प्रस्ताव मी जेवणाआधी मतदानाला ठेवण्याची विनंती समितीला करते. पटलं असेल त्यांनी हात वर करावेत. ज्यांचे खांदे आखडले आहेत, त्यांनी नुसतं 'हो' म्हटलं तरी चालेल.

पंधरा मिनिटांची सतरा झाली.